दहा दिवस पालथी

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटत होता, तेव्हा मी कॅमेरा पुसत होते. एक-दोन नाही, चांगले आठ दिवस. इतकं मन लावून मी घरातलं एक भांडंसुद्धा कधी पुसलं नाही, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे आणि ते खरं आहे.

हे लिहितेय ते त्या आठ दिवसांसाठी. मला ते परत मिळणार नाहीत, पण दुसऱ्या कुणाचे वाचले तर बरं. ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टर सांगतील. दहा दिवस पालथं पडून माणूस वेडा कसा होत नाही, तेवढं मी सांगू शकते.

ठिपके

मी यवतमाळला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. वय सत्तेचाळीस. चष्मा चौथीपासून, नंबर उणे नऊ. आठवडाभर फायली आणि रविवारी डोंगर, असं माझं बावीस वर्षं चाललंय. आमचे डोंगर उंच नाहीत, हे आधीच कबूल करते. पुण्याकडच्या एका पाहुण्याला मी मोठ्या हौसेने फोटो दाखवले, तर त्याने सगळे पाहून झाल्यावर नम्रपणे विचारलं, "आणि डोंगर कुठला यातला?" आमचे डोंगर जेवून लवंडलेल्या माणसासारखे आडवे असतात. उजेड तिरपा असतो तेवढा वेळच त्यांच्या घड्या एकामागे एक उठून दिसतात. ऊन वर चढलं की सगळं सपाट. म्हणून पहाटे निघायचं, अंधारातच चढायचं आणि वर बसून वाट पाहायची. मला ते वाट पाहणंच फार आवडतं. फोटो हे घरच्यांना दाखवायचं कारण.

दिग्रसजवळच्या एका तांड्यामागे माझा लाडका डोंगर आहे. नकाशात त्याला नाव नाही. तांड्यातले लोक त्याला नुसतं 'मोठा' म्हणतात. त्याच्या पायथ्याशी सुमित्रा राठोडचं शेत आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी तिच्या तुरीत ट्रायपॉड रोवून उभी होते. मी जमीन मोजायला आलेली बाई आहे असं समजून तिने मला सॉलिड फैलावर घेतलं. मग चहा झाला. तेव्हापासून मी गाडी तिच्याच अंगणात लावते.

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्यावर पळस फुलला होता. मी कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला आणि आभाळात तीन-चार काळे ठिपके दिसले.

डोंगराचे फोटो काढणाऱ्याला आभाळातल्या ठिपक्याचा एकच अर्थ माहीत असतो: कॅमेऱ्यात धूळ गेली. आमच्याकडे ती जातेच. काळ्या मातीची जाते, जिनिंग मिलवरून गेलात तर कापसाचे तंतूही जातात. मी लेन्स काढली, रबरी फुग्याने हवा मारली, मऊ फडक्याने पुसलं. ठिपके तिथेच. दुसरी लेन्स लावली. ठिपके तिथेच. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर पाहिले, तर तिथेही ठिपके! मग तर खात्रीच पटली. ज्या डोळ्याने फोटो काढला त्याच डोळ्याने मी तो तपासतेय, हे काही डोक्यात आलं नाही. बावीस वर्षांची सवय. चूक कॅमेऱ्याची असते, डोळ्याची नसते.

मधे दोन-तीनदा कडेला वीज चमकल्यासारखं झालं. अवकाळी येणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. सासूबाईंनी गच्चीवर वाळत घातलेले पापड धावतपळत खाली आणले. पाऊस काही आला नाही, आणि पुढचे दोन दिवस मला पापडांवरून ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानातले भाऊ जुन्या ओळखीचे. त्यांनी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला.

"ताई, कॅमेरा एकदम साफ आहे."

"अहो भाऊ, हा काय इथे. आणि हा इथे." मी बोट ठेवलं. ठिपका बोटाखालून निसटला आणि वर सरकला. मी पुन्हा बोट ठेवलं. तो पुन्हा सरकला.

भाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मले नाही दिसून राह्यले, ताई," ते म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "कॅमेरा राहू द्या इथंच. पह्यले डोळे दाखवून या."

पळस पुढच्या वर्षी

तरी मी लगेच गेले का? नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांची बैठक होती. बैठकीत डावा डोळा चोळायला म्हणून मिटला, तर साहेब गळ्यापर्यंतच दिसले. त्याखाली करडी सावली. साहेब तावातावाने बोलत होते आणि मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. एरवी मला याची गंमत वाटली असती. मी फाईल मिटली आणि उठले.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढ्या होत्या. थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग कपाळाला दिवा बांधून बराच वेळ पाहत राहिल्या. "किती दिवस झाले?" म्हणाल्या. मी आठ म्हटलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवणं मला अजून आठवतं.

पडदा सुटत आला होता. मधला भाग, ज्याने आपण बारीक पाहतो, तो कसाबसा चिकटून होता आणि त्याचीही कड उचलायला लागली होती. आजच नागपूरला निघा, असं त्यांनी सांगितलं. त्यावर मी आयुष्यातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला: "रविवारी एकदा जाऊन आले तर चालेल का? पळस फुललाय."

"मॅडम, पळस पुढच्या वर्षीही फुलेल," त्या म्हणाल्या. "डोळ्याचं तसं नसतं."

छायाचित्रकाराला डोळे दोन असतात, पण कॅमेऱ्याला लावायचा एकच असतो. माझा उजवा. डाव्याने मी कधी एक फोटो काढला नव्हता. उजवा गेला तर मी लिपिक उरणार होते. फक्त लिपिक. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला एवढंच कळत होतं.

माझे यजमान प्रमोदराव पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. फोन केल्यावर वर्ग सोडून आले आणि तशीच गाडी नागपूरच्या रस्त्याला लावली. कळंब मागे पडलं आणि त्यांचा बांध फुटला.

"आठ दिवस! आठ दिवस तू सांगतलं नाही?"

"मला वाटलं धूळ आहे."

"धूळ! अवं, मानसाले डोळ्यातलं अन् डब्यातलं समजत नाही? तो डोंगर बंद आता. समजलं? बंद!"

डोंगराचा यात काही दोष नव्हता. दोष उणे नऊचा होता, एवढ्या नंबरात पडदा पातळ होतो. पण मी वाद घातला नाही, कारण डोंगर आपोआपच बंद होणार याची मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी खिडकीकडे तोंड करून रडले. थेंबांमुळे डोळे तसेही वाहत होते, त्यामुळे कुणाला कळलं नसेल असं मला वाटलं. कळलं असावं. देवळीला गाडी थांबवून त्यांनी न विचारता चहा आणला, आणि माझ्यात साखर जास्त टाकून आणला.

फुगा

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भूल डोळ्यापुरतीच होती, त्यामुळे डॉक्टर आणि त्यांच्या मदतनीस बाई जेवायला काय मागवायचं याची चर्चा करत होते ती मी सगळी ऐकली. त्या चर्चेने मला मोठा धीर आला. माणसाचा जीव जाणार असेल तर कुणी सावजी की साधं, असा वाद घालत नाही.

डोळ्यात वायूचा एक फुगा सोडला होता. फुगा वर तरंगतो आणि पडद्याला डोळ्याच्या मागच्या भिंतीशी दाबून धरतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं. दहा दिवस. झोपताना, बसताना, चालताना, सगळं खाली मान घालून. फुगा पुढे दीड महिना राहणार होता.

"तोवर विमानात बसायचं नाही आणि डोंगरावर जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "उंचीवर फुगा फुगतो."

मी पालथी होते, प्रमोदरावांचा चेहरा मला दिसत नव्हता. पण त्या खोलीत किती समाधान पसरलं ते मला पाठीवर जाणवलं.

"आमचा डोंगर तेवढा उंच नाही," मी उशीतून म्हटलं. डॉक्टरांनी उंची विचारली. मी सांगितली. ते हसले. "मग फुगा काही फुगणार नाही. तरी चढायचं नाही."

नजर किती परत येईल, असं मी विचारलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. पडदा चिकटला तर येईल, पण पहिल्यासारखी येईलच असं सांगत नाही, म्हणाले. खोटं बोलले नाहीत याचे आज मी आभार मानते. त्या दिवशी मला खोटंच हवं होतं.

नागपूर ते यवतमाळ मी मागच्या सीटवर उशांच्या ढिगात तोंड घालून आले. सगळ्या प्रवासात गाडीतलं पायपुसणं तेवढं पाहिलं.

नवारीची खिडकी

घरी पहिला दिवस उशांवर काढला. नाक दबलं, मान आखडली, श्वास घुसमटला. संध्याकाळी सासूबाईंनी माळ्यावरचा जुना नवारीचा पलंग खाली उतरवून घेतला. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, पण अक्कल जागेवर आहे. उशाकडचे नवारीचे दोन पट्टे त्यांनी सोडवून बाजूला सारले, चेहऱ्यापुरती खिडकी केली आणि तिच्या कडेने जुन्या लुगड्याची गुंडाळी शिवली.

"घाल तोंड," त्या म्हणाल्या.

मी घातलं. कपाळ आणि गाल गुंडाळीवर टेकले, नाक मोकळं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला.

"बावीस वर्सं झाले," वरून आवाज आला, "माझ्यासमोर कधी मान खाली घातली नाही पोरीनं. देवानं एकदमच घालायले लावली."

मी इतकी हसले की नवार करकरली. नंतर कित्येक दिवस हा विनोद त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. प्रत्येक वेळी मला हसू आलं.

खिडकीतून मला शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि लोकांचे पाय दिसत. पायांवरून माणसं ओळखायला लागले. प्रमोदराव आले की दोन पावलं जवळ येत, थांबत आणि परत जात. भेटायला येणारे मात्र खुर्चीवर बसून माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूशी बोलत. प्रत्येकाकडे एक मामा असे आणि त्याचा डोळा गेलेला असे. "तो गेला तो गेलाच, बाप्पा." तिसऱ्या मामानंतर सासूबाईंनी नियम केला. पलंगाखाली सतरंजी टाकली आणि जाहीर केलं, "ज्याले बोलायचं त्यानं खाली झोपून बोला. तिचं तोंड खाली आहे."

याने चमत्कार झाला. अर्धे लोक लगेच उठून गेले. जे खरंच खाली आडवे झाले, त्यांच्या तोंडून एकाही मामाचा डोळा गेला नाही. दीड हातावरून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत तसलं काही बोलवत नाही. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर पलंगाखाली सतरंजी टाकाच.

आनंदी आनंद होता असं नाही. दुपारी घर झोपलं की मी डावा डोळा मिटून उजव्याने पाहायचा प्रयत्न करी. नुसतं हलणारं पाणी. फरशी नाही, रेघ नाही. डोंगराची जी कड मला पाठ होती ती मी मनातल्या मनात काढत बसे, आणि मधेच कुठेतरी ती विसरे, आणि मग खूप घाबरत असे.

सहाव्या दिवशी सुमित्रा आली. दिग्रसहून एसटीने, उन्हाची. तिला नियम सांगावा लागला नाही. पिशवीसकट सरळ पलंगाखाली शिरली आणि उताणी झोपली.

"हे काय करून ठेवलं ताई?"

"धूळ समजले."

"याडी म्हने, तुमाले डोंगराची नजर लागली." याडी म्हणजे तिची आई. "मी म्हनलं, याडी, ताईचीच नजर लागली डोंगराले, थो काय लावते त्यायले." मग तिने पिशवीतून ओल्या फडक्यातली पळसाची फुलं काढली आणि माझ्या तोंडाखाली, स्वतःच्या डोक्याभोवती फरशीवर पसरली. "मोठा तं येत नाही खाली. त्यानं हे पाठवलं."

फरशी केशरी झाली. मी डाव्या डोळ्याने पाहत राहिले.

"रडता काहून?" सुमित्रा खालून म्हणाली.

"थेंब घातलेत."

"थेंबं तं उजव्या डोळ्यात टाकून राह्यले. हा डावाबी वाहून राह्यला."

तिच्या कपाळावर माझे दोन थेंब पडले होते. तिने ते पदराने पुसले आणि याडीने पाठवलेला ठेचा किती तिखट आहे यावर बोलत राहिली.

कुठपर्यंत आलो?

अकराव्या दिवशी मान वर केली आणि एक नवीनच मजा कळली. फुगा हळूहळू लहान होत जातो, तसं वरून दिसायला लागतं. वर स्वच्छ, खाली पाणी आणि मधे एक हलती रेघ. पहिल्यांदा दिसला पंखा. मग दाराची चौकट. मग माणसांचे केस.

रोज सकाळी प्रमोदराव चहा देऊन माझ्यापुढे उभे राहत. मी डावा डोळा झाकायचा.

"कुठपर्यंत आलो?"

"कपाळापर्यंत."

पुढच्या आठवड्यात भुवया आल्या. मग चष्मा. नाकाला चार दिवस लागले, नाकच तेवढं आहे. मिशी दिसली त्या दिवशी त्यांनी कॉलेजातून येताना जिलेबी आणली. संपूर्ण नवरा दिसायला मला दीड महिना लागला. लग्नात एवढं निरखून पाहिलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण आता पाहिलं ते मला आवडलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते लाजले.

एप्रिलच्या शेवटी फुग्याचा मणी झाला, आणि एका सकाळी मणीही गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. पडदा पक्का बसला होता. वजन उचलू नका, बाकी कुठेही जा, म्हणाले. मी त्यांच्या दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. उजव्या डोळ्याने पाहिलं की तिची सरळ बाजू मधेच वाकत होती.

"हे थोडं राहील," ते म्हणाले.

चौथा रविवार

परवानगी मिळाली आणि मी डोंगरावर गेले नाही. पहिल्या रविवारी ऊन फार होतं. दुसऱ्या रविवारी कुरडया होत्या. मी आयुष्यात कधी कुरडयांना हात लावला नव्हता, त्या दिवशी चीक ढवळायला बसले. सासूबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. तिसऱ्या रविवारी कारणही सांगितलं नाही.

खरं कारण हे: कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला नव्हता तोवर तो गेला असं म्हणता येत नव्हतं. दुकानातून आणलेला कॅमेरा कपाटात होता आणि मी त्या कपाटासमोरून जायचं टाळत होते. भीतीची मला लाज वाटत होती, म्हणून मी तिला ऊन म्हणत होते.

चौथ्या रविवारी पहाटे प्रमोदरावांनी मला हलवलं. अंगात टी-शर्ट, पायात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात भेट मिळालेले बूट, पाठीवर माझी कॅमेऱ्याची बॅग. उलटी घातलेली.

"चाल."

"कुठे?"

"रविवारी जात होती तिकडं. नवाच्या आत परत आन मले, ऊन लागते."

"तुम्ही तर डोंगर बंद म्हणाला होतात."

"म्हनलं होतं. तू कायले आयकून राह्यली? बावीस वर्सं आयकलं का कधी माझं?"

मी उठले.

मोठा मे महिन्यात मी कधी पाहिला नव्हता. उन्हाळ्यात कोण जातं? सागाची पानं गळून गेली होती. हिरवं काही नाही, केशरी काही नाही. दगडांच्या रांगा, उघड्या फांद्या, आणि वाऱ्याला जळक्या गवताचा वास. बॅग आणि ट्रायपॉड घेऊन प्रमोदराव दर दहा पावलांवर बसत होते आणि प्रत्येक दगडाला नावं ठेवत होते. खाली अंगणातून सुमित्रा ओरडत होती, "भाऊजी, उजवीकून! उजवीकून जा! तिकडं काटे हायेत!" ते डावीकडूनच गेले.

वर पोचलो तेव्हा सूर्य उगवायला थोडा वेळ होता. मी कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला. पलीकडच्या रांगांवर ऊन तिरपं आलं, पहिली घडी उमटली, मागे दुसरी, मागे तिसरी. मी वाकून उजवा डोळा लावला.

दिसलं. रंग थोडा फिका, पण ऊन दिसलं, दगड दिसले, सावल्या दिसल्या. आणि डोंगराची कड मधोमध वाकलेली दिसली, ओल्या मातीवर अंगठा दाबावा तशी. मी डाव्याने पाहिलं. तिथे वाक नव्हता. पुन्हा उजव्याने पाहिलं. होता.

"काय दिसून राह्यलं?" प्रमोदरावांनी मागून विचारलं. रोज सकाळी विचारायचे तसंच.

"वाकडा दिसतोय," मी म्हटलं. "डोंगर वाकडा दिसतोय."

ते उठले, घाम पुसत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी समोरचा डोंगर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. सावकाश, पेपर तपासल्यासारखा.

"वाकडाच आहे थो," ते म्हणाले. "मले तं दोन्ही डोळ्यानं वाकडा दिसून राह्यला. सरळच पाह्यजे असन तं घरी चाल, फुटपट्टीचा फोटो काढ."

मला हसू फुटलं आणि त्या हसण्यात बटण दाबलं गेलं. फोटो पार हलला. मग मी डोळे पुसले, श्वास धरला आणि दुसरा काढला. उजव्याच डोळ्याने.